वजनाच्या शस्त्रक्रियेनंतर स्वतःच्या देहाशी नव्याने ओळख कशी करून घ्यावी

सातारा जिल्ह्यातल्या एका शिक्षिकेच्या गॅस्ट्रिक बायपास या वजन उतरवण्यासाठी जठरावर केल्या जाणाऱ्या शस्त्रक्रियेला अकरा महिने झाले होते. ११८ किलोवरून त्या ७९ किलोवर आल्या होत्या, मधुमेहाच्या गोळ्या सुटल्या होत्या आणि हातातल्या दोन-दहाच्या बांगड्या जाऊन दोन-सहाच्या आल्या होत्या. माझ्या खोलीत येताना मात्र त्या दारात क्षणभर थांबल्या, अंग तिरके केले आणि मग आत आल्या. दार चांगले तीन फूट रुंद आहे. समोर हातांची खुर्ची होती, ती सोडून त्या भिंतीलगतच्या बाकावर बसल्या. कारण विचारले तेव्हा म्हणाल्या, "त्या खुर्चीत मी मावणार नाही असं वाटलं."

मी समुपदेशक आहे आणि स्थूलतेची शस्त्रक्रिया करून घेणाऱ्या रुग्णांशी आधी आणि नंतर बोलणे हे माझे काम आहे. वजन, साखर, रक्तदाब यांचे आकडे फाईलमध्ये नीट नोंदलेले असतात, पण दारात तिरके होणे कुठल्याच फाईलमध्ये येत नाही. आपले शरीर आपल्याला कसे दिसते, ते किती जागा व्यापते असे वाटते आणि त्याबद्दल मनात काय भावना आहे, या सगळ्याला मिळून देहप्रतिमा म्हणतात. ही प्रतिमा वीस-तीस वर्षांच्या अनुभवातून घडलेली असते: रिक्षात तिसऱ्याला जागा न उरणे, एसटीत शेजारी बसायला आलेल्या माणसाने पुढे निघून जाणे, लग्नाच्या हॉलमधली प्लॅस्टिकची खुर्ची करकरणे. शस्त्रक्रियेने शरीर वर्ष-दीड वर्षात बदलते. ही प्रतिमा त्या वेगाने बदलत नाही, तिला मुद्दाम शिकवावे लागते, आणि ते कसे शिकवायचे हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

शस्त्रक्रियेच्या आधी

सर्वप्रथम हे नक्की करा की शस्त्रक्रिया कशासाठी आहे. ही सौंदर्यशस्त्रक्रिया नाही. मधुमेह, झोपेत श्वास अडकणे, सांधेदुखी, यकृतातली चरबी अशा आजारांवरचा हा उपचार आहे, आणि म्हणूनच २०२२ सालच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत ती ३५ किंवा अधिक बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती हे दाखवणारा आकडा) असलेल्यांना, तर आशियाई वंशाच्या लोकांसाठी त्याहून कमी म्हणजे २७.५ पासून विचारात घ्यावी असे म्हटले आहे. जो माणूस गुडघे आणि साखर यांसाठी शस्त्रक्रियेला जातो त्याला समाधान लवकर मिळते. जो आरशासाठी जातो त्याची वाट लांबची असते. "मुलीला पाहायला स्थळ येणार आहे, त्याआधी करून टाकू" असे म्हणणारे आईवडील मला भेटतात तेव्हा मी त्यांना स्पष्ट सांगते की शस्त्रक्रियेची तारीख लग्नाच्या बोलण्यांशी जोडू नका, कारण स्थळ मोडले तर त्या मुलीला आपले नवे शरीरही नापास झाले असे वाटेल.

दुसरी गोष्ट म्हणजे हिशोब. स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी या दुसऱ्या प्रकारच्या शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढला जातो. बायपासमध्ये जठराची लहान पिशवी करून ती पुढच्या आतड्याला जोडतात. सरासरीने मूळ वजनाच्या साधारण २५ ते ३० टक्के वजन उतरते आणि त्यातले बहुतेक पहिल्या १२ ते १८ महिन्यांत उतरते. म्हणजे १२० किलोचा माणूस बहुधा ८५ ते ९० किलोच्या आसपास थांबेल. मनात कॉलेजातल्या फोटोतले ६० किलो धरून बसाल तर तीस किलो उतरवूनही हरल्यासारखे वाटेल. तुमच्यासाठी अपेक्षित आकडा किती, हे शल्यचिकित्सकांना विचारा आणि वहीत लिहून ठेवा.

त्याच वहीत आणखी दोन नोंदी करा. एक, शिंपी घेतो तशी मापे: मान, छाती, कंबर, नितंब, दंड, मांडी. त्याबरोबर एकाच जागी, एकाच कपड्यांत, समोरून आणि बाजूने काढलेले फोटो असावेत. दुसरी नोंद अशा कामांची, जी आज जमत नाहीत. बुटाची नाडी बांधणे, मांडी घालून जेवायला बसणे, एसटीची उंच पायरी एका दमात चढणे, रात्री कुशीवर वळताना जाग न येणे. ही दुसरी यादी पहिलीपेक्षा महत्त्वाची आहे. देहाला केवळ दिसण्यावरून नव्हे तर करण्यावरून जोखण्याची सवय तिथून लागते, आणि पुढे काटा अडकतो त्या महिन्यांत हीच यादी उपयोगी पडते.

शस्त्रक्रियेपूर्वीच्या मानसिक तपासणीला परीक्षा समजू नका. नैराश्य, एकदम भान हरपून खाण्याचे झटके, लहानपणी झालेले लैंगिक अत्याचार यांतले काही असेल तर सांगा. काही जणींसाठी वजन हे नकोशा नजरांपासूनचे कवच असते. ते कवच उतरू लागले की भीती वाटते, आणि ती भीती का वाटते हे आधी बोललेले असेल तर पुष्कळ सोपे जाते.

पहिले सहा महिने

या काळात वजन भराभर उतरते, पण आरसा खूश करत नाही. चेहरा ओढलेला दिसतो, थकवा असतो आणि साधारण तिसऱ्या महिन्यापासून केस गळू लागतात. शस्त्रक्रियेचा ताण आणि वेगाने घटणारे वजन यांमुळे बरेच केस एकाच वेळी विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि काही आठवड्यांनी गळतात. मुळे शाबूत असतात, म्हणून बहुतेकांचे केस काही महिन्यांत परत येतात. तरी न्हाणीच्या जाळीवर साठलेला गुंता पाहून रडलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. जिने आयुष्यभर अंगाबद्दल टोमणे ऐकले, तिला अनेकदा केस हीच एक कौतुकाची गोष्ट राहिलेली असते. त्यामुळे "केसच तर आहेत, येतील परत" असे घरच्यांनी म्हणू नये. दिवसाला साधारण ६० ते ८० ग्रॅम प्रथिने पोटात जातात का ते पाहावे. एवढ्याशा जठरात वाटीभर वरण मावत नाही आणि मावले तरी ते पुरत नाही, म्हणून अंडी, दही, पनीर, मासे किंवा आहारतज्ज्ञांनी सांगितलेली प्रथिनांची पावडर घ्यावी. लोह, बी-१२ आणि ड जीवनसत्त्वाची रक्ततपासणी टाळू नये.

वजन आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी, सकाळी करावे. रोज काट्यावर उभे राहणाऱ्याचा दिवस चांगला की वाईट हे तो काटाच ठरवू लागतो.

मागे राहिलेल्या मनाला पुढे आणणे

इथे सर्वांत जास्त वेळ द्या. साधारण सहाव्या महिन्यापासून शरीर आणि त्याची मनातली प्रतिमा यांतले अंतर जाणवू लागते. दुकानात हात आपोआप सर्वांत मोठ्या मापाकडे जातो, काचेच्या दारातले प्रतिबिंब ओळखू येत नाही, गर्दीत आपण वाट अडवतो आहोत असे वाटून माणूस बाजूला सरकत राहतो. यात विकृत असे काही नाही. मेंदू जुन्या नकाशावरून चालतो आहे, इतकेच.

हे अंतर डोळ्यांना दाखवण्यासाठी एक सोपा प्रयोग आहे. जाड सुती दोरी घ्या. कंबरेला न लावता, नुसत्या अंदाजाने, आपल्या कंबरेएवढे वर्तुळ त्या दोरीने जमिनीवर करा. मग दुसरी दोरी प्रत्यक्ष कंबरेभोवती गुंडाळून मोजा आणि तेवढेच वर्तुळ पहिल्याच्या आत ठेवा. त्या शिक्षिकेच्या दोन वर्तुळांमध्ये माझी ओंजळ सहज मावत होती. त्या बराच वेळ खाली पाहत राहिल्या, मग वाकून आतली दोरी बोटाने चाचपून म्हणाल्या, "एवढीच?" हा प्रयोग महिन्यातून एकदा करा आणि दोन्ही दोऱ्यांची लांबी वहीत लिहा. अंदाजाची दोरी हळूहळू खऱ्या दोरीकडे सरकते, पण ती आपोआप सरकेल म्हणून थांबू नका.

कपड्यांबाबत एक गोष्ट आपल्याकडे लक्षात घेण्यासारखी आहे. जी साडी ११८ किलोला नेसता येते तीच ७९ किलोलाही नेसता येते, म्हणून रोज साडी नेसणाऱ्या बाईला अंगावरचा बदल कळतच नाही. तिने निऱ्या मोजाव्यात. कंबर घटली की तेवढे कापड निऱ्यांत येते, आणि पूर्वी जेमतेम चार निऱ्या पडायच्या तिथे आता सात पडतात हे बोटांना समजते. ब्लाऊज आत घेताना टेलरला शिलाईत कापड ठेवायला सांगा, कारण माप अजून बदलणार आहे. या वर्षात महागडे कपडे घेऊ नका, मात्र ढगळ कपड्यांतही राहू नका. ढगळ कपडे जुनी प्रतिमा जपून ठेवतात. दर दोन-तीन महिन्यांनी अंगाला बसणारा एक तरी साधा कपडा घ्या, आणि तो घेताना अंदाज न करता टेप लावा. जुने कपडे हळूहळू देऊन टाका, एखादा ठेवायचा असेल तर आठवण म्हणून ठेवा. "पुन्हा लागलाच तर" म्हणून अख्खे कपाट भरलेले ठेवले की ते रोज तीच भीती घालते.

आरशाचा सराव वेगळा करावा लागतो. पूर्ण उंचीच्या आरशासमोर दोन मिनिटे उभे राहून डोक्यापासून पायांपर्यंत जे दिसते ते साध्या शब्दांत मोठ्याने सांगा, जणू चित्र काढणाऱ्याला वर्णन करून सांगत आहात. "दंडाची त्वचा सैल आहे आणि कोपराकडे लोंबते" हे वर्णन झाले. "दंड किळसवाणे दिसतात" हा शेरा झाला. शेरा आला की थांबा आणि पुन्हा वर्णनाकडे या. सुरुवातीला पूर्ण कपड्यांत करा, सवय झाल्यावर कमी कपड्यांत. दिवसातून दहा वेळा आरशात पोट तपासणे आणि महिनोन्महिने आरसा टाळणे या दोन्ही सवयी प्रतिमा बिघडवतात.

आणि दारातून सरळ आत जा. हातांच्या खुर्चीत बसा. रिक्षात मध्ये बसून पाहा. ही कामे रोजच्या व्यवहारातली आहेत, पण ती जाणीवपूर्वक, पंचवीस-तीस वेळा केल्याशिवाय मेंदूला पटत नाहीत.

सैल त्वचा

"हे आधी कोणी सांगितलंच नाही" ही तक्रार मी सर्वांत जास्त वेळा त्वचेबद्दल ऐकली आहे, आणि ती रास्त आहे. भरपूर वजन उतरवलेल्या बहुतेक रुग्णांच्या पोटावर, दंडांवर, मांड्यांच्या आतल्या बाजूला, छातीवर किंवा मानेवर सैल त्वचा राहते. वय, धूम्रपान, स्थूलता किती वर्षे होती आणि किती किलो उतरले यांवर तिचे प्रमाण ठरते. मलमांनी ती आवळत नाही. व्यायामाने खालचे स्नायू भरतात आणि अंग बांधेसूद दिसते, मात्र त्वचा नाहीशी होत नाही. म्हणून ती दिसली म्हणजे आपण कुठे कमी पडलो असा अर्थ काढू नये. पुरुषांनाही हा त्रास होतो. छातीची त्वचा ओघळल्यामुळे विहिरीवर किंवा देवळात उघड्या अंगाने जाणे टाळणारे पुरुष पुष्कळ आहेत, पण ते बोलत नाहीत, आणि न बोलल्यामुळे त्यांच्यापर्यंत मदतही पोहोचत नाही.

सैल त्वचेच्या घड्यांची काळजी हा देहप्रतिमेचाच भाग आहे, कारण अंगाला वास येतो ही भीती माणसाला घरात कोंडून घालते. मुंबई-कोकणच्या दमट हवेत घड्यांमध्ये घाम साचून त्वचा सोलवटते आणि बुरशी धरते. आंघोळीनंतर मऊ सुती फडक्याने टिपून घडी कोरडी करावी, घासू नये. थोडा वेळ वारा लागू द्यावा, सुती कपडे वापरावेत आणि पोटाला आधार देणारा पट्टा किंवा घट्ट अंतर्वस्त्र डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावे. पुरळ आल्यास औषधाच्या दुकानातून स्टिरॉइड मिसळलेले मलम स्वतःहून आणू नये. त्याने खाज तात्पुरती थांबते, पण बुरशी बळावते आणि त्वचा पातळ होते. त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे.

त्वचा काढण्याच्या शस्त्रक्रियेने अनेकांना स्वतःबद्दल खूप बरे वाटते, मात्र तिची घाई नको. वजन किमान तीन ते सहा महिने स्थिर असावे, म्हणजे बहुधा पहिल्या शस्त्रक्रियेनंतर वर्ष-दीड वर्षाने तिचा विचार होतो. प्रथिने आणि हिमोग्लोबिन पुरेसे असावे लागते, नाहीतर जखम भरत नाही. सैल त्वचेच्या बदल्यात लांब व्रण मिळतात, हे फोटो पाहून समजून घ्या. आरोग्य विम्याच्या प्रमाण अटींनुसार स्थूलतेच्या शस्त्रक्रियेचा खर्च ४० बीएमआयला, किंवा ठरावीक गंभीर सहव्याधी असल्यास ३५ ला मिळू शकतो, पण सौंदर्याच्या कारणासाठी केलेल्या प्लॅस्टिक सर्जरीचा मिळत नाही. त्वचेमुळे वारंवार संसर्ग होत असेल तर प्रत्येक वेळचा कागद आणि फोटो जपून ठेवा. वैद्यकीय गरज दाखवायला तोच पुरावा असतो.

लोक काय बोलतात आणि आपण काय बोलावे

आपल्याकडे माणसाच्या अंगावर बोलणे ही जवळीक समजली जाते. जी कालपर्यंत "खात्यापित्या घरची" होती तिला हळदीकुंकवात "किती गं वाळलीस, बरं नाही का?" असे विचारले जाते, आणि गाल बसलेल्या माणसाकडे पाहून शेजारी दबक्या आवाजात मोठ्या आजाराचे नाव घेतात. दोन-तीन वाक्ये तयार ठेवावीत. "तब्येत उत्तम आहे, साखर आटोक्यात आली" एवढ्याने बहुतेक प्रश्न संपतात. शस्त्रक्रियेचे कोणाला सांगायचे हा तुमचा निर्णय आहे. पण निदान दोन जवळच्या माणसांना सगळे माहीत असू द्या, कारण पंगतीत "एवढंच? अजून एक पोळी घ्या" असा आग्रह सुरू झाला की बाजूने बोलणारे कोणीतरी लागते.

कौतुकही बोचते, हे घरच्यांनी ध्यानात घ्यावे. "आता कशी छान दिसतेस" या वाक्याला "म्हणजे आधी मी कोण होते?" असा प्रश्न चिकटलेला असतो. दिसण्याऐवजी करण्याबद्दल बोला: "आज तू जेजुरीच्या पायऱ्या न थांबता चढलीस." जुने फोटो चारचौघांत काढून तुलना करू नका, आणि शस्त्रक्रियेला सोपा मार्ग म्हणू नका. आयुष्यभर जपून खाणे आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या घेणे यात सोपे काही नाही.

नवराबायकोच्या नात्यातही बदल होतो. स्वीडनमधल्या दीर्घ अभ्यासांत दिसले की शस्त्रक्रियेनंतर एकट्या माणसांची लग्ने आणि नवी नाती वाढली, तसेच आधीपासून नात्यात असलेल्यांमध्ये विभक्त होण्याचे प्रमाणही वाढले. यात घाबरण्यासारखे नाही, मात्र बोलण्यासारखे आहे. एकाचा आत्मविश्वास वाढतो तेव्हा दुसऱ्याला असुरक्षित वाटू शकते. शरीरसंबंधात सैल त्वचेचा संकोच वाटत असेल तर तो जोडीदाराला शब्दांत सांगा, नुसता दिवा मालवून ठेवू नका. गर्भधारणा १२ ते १८ महिने टाळावी लागते, आणि बायपासनंतर गर्भनिरोधक गोळ्या पूर्ण शोषल्या न जाण्याची शक्यता असल्याने दुसरा उपाय डॉक्टरांना विचारावा.

दुसऱ्या वर्षानंतर

स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या मोठ्या अभ्यासात रुग्णांचे जीवनमान पहिल्या वर्षी सर्वांत वर गेले, पुढे थोडे वजन परत आले तसे ते खाली आले आणि सहा वर्षांच्या सुमारास स्थिरावले. काही किलो परत येणे हा या शस्त्रक्रियेचा नेहमीचा मार्ग आहे. पण चार किलो वाढले की मनात चाळीस वाढल्यासारखी लाज वाटते, आणि त्या लाजेपोटी माणूस तपासणीला येणे बंद करतो. माझ्या अनुभवात सर्वांत मोठे नुकसान तिथे होते. वजन वाढले असेल तेव्हाच या. रागावणारे डॉक्टर असतील तर डॉक्टर बदला, तपासणी सोडू नका.

काही खुणा दिसल्या तर थांबू नये: आरशामुळे बाहेर पडणे बंद होणे, खाऊन मुद्दाम उलटी करणे, वजन योग्य असूनही जेवायची धास्ती, झोप उडणे, जगण्यात अर्थ न वाटणे. अन्नाची जागा दारूने घेणे हीसुद्धा तशीच खूण आहे. बायपासनंतर दारू लवकर आणि जास्त चढते, आणि अमेरिकेत २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दुसऱ्या वर्षी मद्याच्या समस्या वाढल्याचे दिसले होते. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात शस्त्रक्रियेनंतरच्या तीन वर्षांत स्वतःला इजा करून घेण्याचे प्रसंग आधीपेक्षा सुमारे दीडपट आढळले. असे रुग्ण हजारांत थोडेच होते, पण ते थोडे कोणाच्या तरी घरातलेच होते. टेली-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र विनामूल्य चालतो आणि तिथे मराठीत बोलता येते.

वार्षिक तपासणीला जाताना रक्ताच्या अहवालांबरोबर ती वही न्या. मापांचे पान, न जमणाऱ्या कामांच्या यादीतली आता जमू लागलेली कामे आणि दोरीच्या दोन लांब्या डॉक्टरांसमोर ठेवा, आणि त्यांनी विचारले नाही तरी सांगा की आरशासमोर उभे राहिल्यावर या वर्षी तुम्हाला काय वाटते.